चौकीत कोण गेलं होतं?

प्रिय आई,

काल घोटीला जाऊन आले. मंगलमावशीकडे.

तू असतीस तर हातातलं काम टाकून आधी विचारलं असतंस, "तिच्याकडे कशाला? कोणी बोलावलं होतं?" तू जाऊन अडीच महिने झाले, तरी एसटीत परत येताना मी तुला काय उत्तर द्यायचं हेच जुळवत बसले होते. शेवटी म्हटलं, लिहूनच टाकावं. या विषयावर समोर बसून तू मला एकदाही पुरतं बोलू दिलं नाहीस.

त्या सकाळचं तुला किती आठवत होतं, कोण जाणे. मला सगळं आठवतं. मी दुसरीत होते. पंचवटीतल्या बोळातल्या आपल्या दोन खोल्या. अण्णांनी मळ्यातून आणलेली शेवंती आणि झेंडू, पुढच्या खोलीत ओळीनं लावलेल्या पाट्या. साडेनऊ वाजले असतील. तू माझ्या वेण्या घालत होतीस. एक झाली होती, दुसरीची रिबीन तुझ्या दातात होती. दारावर थाप पडली.

"कोण?" तू विचारलंस.

"दार उघड!"

मला वाटलं, देवळातून कोणी हारांसाठी आलंय. मी पळाले. खालच्या कडीला हात लावला आणि बाहेरून लाथ बसली. दाराची फळी सरळ माझ्या डाव्या कानावर आली.

पाच-सहा पोलीस आणि साध्या कपड्यांतला एक साहेब. "माल कुठंय? गर्द कुठंय?" अण्णा हात जोडून सांगत होते, "साहेब, आम्ही माळी माणसं. फुलं पिकवतो, फुलं विकतो." त्यांनी पाट्या उपड्या केल्या. गाद्या फाडल्या. पिठाचा डबा जमिनीवर ओतला आणि त्यात काठी फिरवली. मी कोपऱ्यात बसले होते. शाळेच्या पांढऱ्या शर्टावर लाल थेंब पडत होते, ते माझेच आहेत हे मला बराच वेळ कळलं नाही.

तू माझ्या कानावर पदर दाबून धरलास. "साहेब, पोरीला दवाखान्यात नेऊ द्या. पाया पडते."

"पंचनामा होईपर्यंत कोणी बाहेर जायचं नाही. नाटकं बंद कर!"

दीड तास, आई! दवाखाना बोळाच्या तोंडाशी होता.

त्या दीड तासात आपल्या बाजूनं बोलणारं एकच माणूस होतं, हेही तुला आठवत असणार. शेजारची मंगलमावशी. ती दारात येऊन ओरडत होती, "लेकराच्या कानातून रगत येतंय, दिसत नाय का तुमाला? तुमच्या घरात पोरं नायत का?" हवालदारानं तिला ढकललं. ती पुन्हा आली. पुन्हा ढकललं. ती पुन्हा आली.

घरात काय सापडलं? शेवंतीवर बुरशी पडली की मारायची पांढरी पावडर. अर्धी पिशवी. तेवढ्यावर ते अण्णांना घेऊन गेले आणि दुसऱ्या दिवशी दुपारी सोडून दिलं. ना केस झाली, ना कोणी चुकलं म्हणालं. डॉक्टरांनी माझ्या कानात बॅटरी मारून पाहिलं. "आधी आणलं असतं तर," एवढंच म्हणाले आणि वाक्य तिथंच सोडलं. त्या कानानं मला परत कधी ऐकू आलं नाही.

मग बोळात एकच प्रश्न सुरू झाला. चौकीत कोण गेलं होतं? आपलं नाव कोणी सांगितलं?

तू दोन दिवस गप्प होतीस. तिसऱ्या दिवशी नळावर, सगळ्या बायकांसमोर म्हणालीस, "मंगलनंच सांगितलं. दुसरं कोण सांगणार?" आदल्याच आठवड्यात पाण्याच्या नंबरावरून तुमचं भांडण झालं होतं आणि ती "बघून घेईन" म्हणाली होती. बायकांना तेवढं पुरलं. कोणीतरी म्हणालं, "अगं, पण ती तर पोलिसांशी भांडत होती!" तुझं उत्तर मला तोंडपाठ आहे. "पाप केलं म्हणूनच ओरडत होती. स्वतःवर नाव यायला नको म्हणून."

आई, तुला हे सुचलं तरी कसं?

बायकांनी मंगलमावशीच्या घरचं हळदीकुंकू सोडलं. अण्णा आणि तिचा नवरा रोज एकाच टेम्पोतून मार्केटला जायचे, तेही बंद झालं. वर्षभरात ती माणसं बोळ सोडून घोटीला गेली, भाताच्या गिरणीत काम बघून. त्यांचं सामान जाताना तू मला खिडकीतून मागे ओढलंस. "बघू नको तिकडं."

आणि मी मोठी झाले ती तुझ्या संशयात. शाळेतून आले की आधी, "कोणी काही विचारलं का?" मैत्रीण घरी आली की, "तिचे वडील काय करतात?" इंदिरानगरला राहायला आलो, नवी सोसायटी, नवी माणसं, तरी दाराला तीन कड्या. मीही तशीच झाले, आई. ऑफिसात दोघी हळू आवाजात बोलल्या की मला वाटतं, माझ्याबद्दलच बोलतायत. मला ऐकू येत नाही त्या बाजूनं बोलतायत, म्हणजे मुद्दामच. दोन स्थळं आली. कानाचं विचारलं तर "लहानपणी पडली" असं सांगायला तू शिकवलंस. मी सांगितलं. दोघंही परत आले नाहीत. तेव्हाही तू काय म्हणालीस? "घोटीवरून कोणीतरी कळवलं असणार."

तुझ्या दहाव्याला सुदाममामा घाटावर माझ्या उजव्या बाजूला येऊन बसला. तुझा धाकटा भाऊ, त्या काळात गर्दच्या नशेपायी वाया गेलेला. आता कित्येक वर्षं तो शुद्धीवर आहे, सायकली दुरुस्त करतो. म्हणाला, "वैशे, ताईनं मला शपथ घातली होती. आता ती नाही. त्या वेळी चौकीत मंगल नव्हती गेली."

"मग?"

"ताई गेली होती."

मला खरंच कळलं नाही. मी विचारलं, "कोण ताई?"

"तुझी आई. माझ्यासाठी."

मग त्यानं सगळं सांगितलं. तो पुड्या आणायचा त्या आपल्याच बोळातून, आपल्यापासून तिसऱ्या घरातून. एका दुपारी तू त्याच्या मागोमाग गेलीस आणि डोळ्यांनी पाहिलंस. दुसऱ्या दिवशी कोणालाही न सांगता, अण्णांनाही नाही, तू चौकीत गेलीस. "माझा भाऊ मरायला लागलाय. त्या घरात पुड्या विकतात." हवालदारानं तुझं नाव विचारलं, पत्ता विचारला, कागदावर लिहून घेतलं. चौथ्या दिवशी पोलीस आले ते आपल्याच घरी.

मी विचारलं, "चुकून आले? पत्ता चुकला?"

मामा पाण्याकडे बघत राहिला. म्हणाला, "छाप्याच्या दुसऱ्या दिवशी मी त्या तिसऱ्या घरी गेलो होतो."

"कशाला?"

"कशाला म्हणजे काय, वैशे." त्याची मान खाली गेली. "त्यानं पुडी माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाला, बहिणीला सांग, आता पुन्हा चौकीची पायरी चढू नको. तो निरोप ऐकल्यावर ताईनं मला सगळं सांगितलं आणि शपथ घातली."

आई, त्याला कसं कळलं?

गेले दोन महिने मी हेच उलटसुलट करतेय. हवालदारानं सांगितलं? तू चौकीत शिरताना कोणी पाहिलं? छापा चुकून पडला की तुला गप्प बसवायला मुद्दाम टाकला? आणि मग जे मनात येऊ नये तेच आलं. मी मामाला तोंडावर विचारलं, "मामा, तू तर नाही ना सांगितलंस त्याला? पुडीसाठी?"

तो रागावला असता तर बरं झालं असतं. तो रागावला नाही. म्हणाला, "आठवत नाही गं. खोटं नाही बोलत. तेव्हाचं मला धड काहीच आठवत नाही."

तुलाही हा संशय आला होता ना? म्हणून तू त्याला कधी विचारलं नाहीस? उत्तर ऐकायची भीती वाटली?

चौकीत तू गेलीस याचा मला राग नाही. भावासाठी गेलीस, आणि सगळ्या बोळाला ते घर माहीत असताना जाणारी तू एकटीच निघालीस. माझा राग नळावरच्या त्या वाक्यावर आहे. चौकीत कोण गेलं होतं, हे त्या सगळ्या बायकांत फक्त तुलाच माहीत होतं. तरी तू मंगलमावशीचं नाव घेतलंस. तिसऱ्या घरातली बाई त्या घोळक्यात उभी होती म्हणून? तिनं आपल्या नवऱ्याला जाऊन सांगावं की सुदामची बहीण आता तुमचं नाव काढणार नाही, म्हणून? की अण्णांना कळलं तर ते म्हणतील, तुझ्या भावापायी माझ्या पोरीचा कान गेला? की मीच ते म्हणेन, याची धास्ती होती?

म्हटलं असतं मी, आई. बाराव्या वर्षी नक्की म्हटलं असतं, तुझ्याशी आठ दिवस बोलले नसते. पण नंतर बोलले असते ना! अण्णा तर मंगलमावशीच्या नवऱ्याला शेवटपर्यंत दगाबाज समजून गेले. त्यांना तरी सांगायचं होतंस.

मी वकीलसाहेबांकडे टायपिंग करते, तुला ठाऊकच आहे. माहितीच्या अधिकाराचे दुसऱ्यांचे अर्ज रोज टाईप करते. या वेळी स्वतःचा केला. तक्रार कोणाची होती, कोणत्या घराविरुद्ध होती, छाप्याच्या आदेशात पत्ता कोणता होता. चौथ्या दिवशी उत्तर! दोन ओळींचं. त्या काळातली कागदपत्रं मुदत संपल्यावर नष्ट केली, सबब माहिती देता येत नाही. सरकारी कागद एवढ्या लवकर हललेला मी आजवर पाहिला नाही. साहेब हसले, म्हणाले, "वैशाली, कागद खरंच जाळले असतील. दरवेळी कारस्थान नसतं." नसेलही. मला कोणी नीट शोधून पाहिलं असं मात्र वाटत नाही. मी अपील केलंय.

आणि काल घोटी. मंगलमावशी ओट्यावर तांदूळ निवडत बसली होती. केस पार पांढरे. मी समोर उभी राहिले. ती काहीतरी म्हणाली, मला नीट ऐकू आलं नाही म्हणून मी मान वळवून उजवा कान पुढे केला. तिचे हात थांबले.

"वैशी का गं तू?"

मी उभ्यानंच सगळं सांगून टाकलं. मामा, तिसरं घर, चौकी, नळ. मी तिला "माफ करा" म्हणाले. तुझ्या वतीनं म्हणाले. ती ऐकत होती आणि सुपातले खडे बाजूला काढत होती. मला वाटलं, आता रडेल किंवा मला हाकलून देईल.

ती म्हणाली, "हे मला कशाला सांगती? मी गेले नव्हते हे मला पयल्यापासून ठाऊक हाय."

तिनं एक खडा अंगणात फेकला.

"तिकडं सांग. बोळात. त्या बायांनी माझ्या हातचं कुंकू घेतलं नाय वरीसभर. माझी पोरगी दारात उभी राहायची आन् तिच्यासंगं कुनी खेळायचं नाय." मग सूप खाली ठेवून, "तुझी आई मरून गेली, तिला आता काय बोलू? पर चांगली होती असं माझ्या तोंडातून यायचं नाय."

"नका म्हणू," मी म्हणाले.

"बस. चहा टाकते. लांबून आलीस." आत जाता जाता थांबली. "दुखतो का गं अजून कान?"

आई, हे मला इतक्या वर्षांत कोणी विचारलं नव्हतं. तूसुद्धा नाही. विचारलं असतंस तर पुढचंही बोलावं लागलं असतं, म्हणून ना?

येत्या रविवारी सकाळी मी पंचवटीत जाणार आहे. सुदाममामाला म्हटलं, तू पण चल. आधी नाही म्हणाला, मग रात्री फोन करून येतो म्हणाला. तो खरंच येईल की नाही, यावरही माझा पूर्ण विश्वास नाही. नाही आला तर एकटी जाईन. नळावरच्या त्या बायकांपैकी ज्या अजून तिथं राहतात त्या प्रत्येकीच्या दारात उभी राहीन आणि सांगेन, मंगलमावशी गेली नव्हती, माझी आई गेली होती. का गेली होती, तेही सांगेन. तिसऱ्या घरासमोर आवाज खाली करणार नाही. तो माणूस म्हातारा झालाय, पण ओट्यावर अजून बसतो म्हणतात.

हे तुझी बदनामी करायला नाही गं. त्या बोळातून एकच बाई चौकीत गेली होती, आणि ती कोण होती हे तिथं आजपर्यंत कोणाला माहीत नाही. मी तुझं पूर्ण नाव घेऊन सांगेन. शब्द देते.

तुझी,
वैशी