बघायला आलेले

६ जुलै

पोचले! आमच्या ॲकॉर्नहुक गावाहून टॅक्सीने फाट्यापर्यंत, तिथून सामानाच्या ट्रकमधून. आईने वाटेसाठी इतके तळलेले पाव बांधून दिले होते की ट्रकवाल्याचंही पोट भरलं. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. या खासगी अभयारण्यात मी गाइड होणार म्हणजे आईच्या लेखी सगळं जंगलच माझ्या नावावर झालंय. महिनाभर उमेदवारी, मग पक्की नोकरी.

नदीकाठी चार तंबू, मधे शाकारलेलं जेवणघर, भोवती विजेच्या तारांचं कुंपण. मॅनेजर हेनी स्टँडरने माझं प्रमाणपत्र उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाला, सिंह आला की हे त्याला दाखव हं, वाचून सोडून देईल. माग काढणारे आणि स्वयंपाकही करणारे रिसिमाती. आमच्यात आजोबांना कोकवाना म्हणतात, मीही तेच म्हणते. त्यांनी कुठल्या गावची, कुणाची, सगळं विचारून घेतलं आणि सांगितलं, पोरी, पाहुणे इथे जनावरं बघायला येत नाहीत, बघितली हे सांगायला येतात.

मी ते बदलेन. एकेका पाहुण्याला जंगल वाचायला शिकवेन.

८ जुलै

पहिले पाहुणे. जोहान्सबर्गचे क्रेग व्हिटफील्ड आणि त्यांची बायको लोर्ना. लोकांच्या अंगणात पोहण्याचे तलाव बांधून श्रीमंत झालेले. बाईंनी इतकं अत्तर मारलं होतं की नदीपलीकडचे हत्ती कान हलवू लागले.

मी नियम सांगितले. इंजिन बंद, आवाज हळू, उभं राहायचं नाही. एका जागी एकच गाडी. मागची गाडी लांब थांबून राहील, तिची पाळी आली की आपण निघायचं. व्हिटफील्डने ऐकता ऐकता वाळवलेलं मांस चघळलं आणि त्याचा चिवट दोरा माझ्या पायाशी थुंकला.

सिंहीण पिल्लं घेऊन झोपली होती. या गृहस्थाने गाडीच्या पत्र्यावर हात आपटला. धप, धप. ऊठ की गं बाई, पैसे मोजलेत!

तिने डोळे उघडले. गाडी आणि माणसं मिळून प्राण्यांना एकच गोळा दिसतो, असं मी शिकले आहे. पण तिने आधी त्याचा हात पाहिला. मग तोंड. मग आमची सगळ्यांची तोंडं, एकेक करून.

९ जुलै

व्हिटफील्डला शिकार बघायची आहे. झोपलेलं मांजर आमच्याकडेही आहे म्हणे. एक शिकार दाखव, आम्ही सुखाने घरी जातो.

मी सगळी पदवी पणाला लावून समजावलं. शिकार म्हणजे तमाशा नव्हे. सिंह वाट बघतात, कोण लंगडतंय, कोण मागे पडतंय ते हेरून दोन बाजूंनी घेरतात. अशा जनावरापासून त्याचा कळपही हळूहळू लांब सरकतो. लोर्नाबाईंनी जांभई दिली आणि विचारलं, मग एखादं लंगडं मिळणार नाही का?

संध्याकाळी हेनीने मेलेलं हरीण गाडीमागून फरफटत नेऊन झाडाला बांधलं. मी म्हटलं, हे नियमात बसत नाही. तो म्हणाला, डिग्रीबाई, तुमचा पगार मात्र यांच्याच पैशात बसतो.

सिंहीण आली. मांसाला तोंडही लावलं नाही. बसून आमच्याकडे बघत राहिली. मला या माणसांची किळस येते.

११ जुलै

काल दिवसभर फिरून काही दिसलं नाही. आज सकाळी कॉफी-टोस्टच्या वेळी सिंहीणच कुंपणापाशी आली. पिल्लांना नाकाने ढकलून पुढे बसवलं. व्हिटफील्ड खूश. घरपोच सेवा!

जरा वेळाने मोपानेच्या झाडीत रानम्हशी दिसल्या. नुसत्या उभ्या. सिंहीण उठून गेली, तशा त्या तिच्या जागी येऊन उभ्या राहिल्या.

मला हसू आलं. मग हातातली कॉफी तशीच गार झाली. हा आमचा नियम आहे. एका वेळी एक, बाकीच्यांनी लांब थांबायचं.

१२ जुलै

जनावरं सकाळी आणि दुपारनंतर येतात, आमच्या फेऱ्यांच्या वेळेला. हत्तींनी रस्त्यावर झाडं आडवी टाकली आहेत. रागाने उपटून नव्हे, नीट ओळीने. बिनतारी संदेशाचा कुंपणाबाहेरचा खांबही वाकवला. आता बाहेर ना गाडी जाते, ना निरोप.

दुपारी आम्ही सगळे आडवे झालो होतो. एका हत्तीने बाहेरून व्हिटफील्डच्या तंबूलगतच्या कुंपणाच्या लाकडी खांबावर सोंड आपटली. धप, धप. लोर्नाबाई किंचाळत बाहेर. आम्ही सगळे बाहेर आल्यावरच तो थांबला.

कोकवाना म्हणाले, जाग आली का, ते बघत होता.

१४ जुलै

हत्तींनी कुंपण पाडलं. तरी आत कुणी येत नाही. पडलेल्या तारेच्या पलीकडेच थांबतात, आम्ही जसे रस्ता सोडत नाही तसे.

हेनीने गोळ्या झाडल्या. एक म्हैस पलीकडेच पडली. बाकीच्या थोड्या सरकल्या आणि जास्तच नीट बघू लागल्या. गोळ्या संपल्या. मक्याचं पीठही संपलं.

मी सगळ्यांना बसवून सांगितलं की ही जनावरं सहलीला आली आहेत, आपल्यासारखीच. व्हिटफील्ड मोठ्याने हसला. म्हणजे हवं ते दिसलं की जातील, असं मग हळूच म्हणाला.

१५ जुलै

पहाटे तारेच्या जरा अलीकडे, तंबूंच्या समोर हरीण टाकलेलं. ताजं, दात न लावलेलं. कोकवाना म्हणाले, शिवू नका.

दुपारी खाल्लं. सगळ्यांनी. मीही.

व्हिटफील्ड तंगडी ओढू लागला तेव्हा पलीकडचे सगळे कान पुढे वळले. त्यांच्या नजरेत राग नाही. ८ तारखेला तो मांस चघळत होता तेव्हा मी ज्या किळसेने त्याच्याकडे पाहिलं, तीच आहे.

१६ जुलै

नदीवरून पाणी आणताना पाय मुरगळला. घोटा सुजून टम्म. लंगडत आले.

पलीकडची सगळी डोकी माझ्याकडे वळली. मग — अलीकडचीही.

१७ जुलै

आज हरीण टाकलं नाही. त्यांना कंटाळा आला आहे. सिंहीण जांभया देते, लोर्नाबाईंसारखी.

व्हिटफील्ड आता ओरडत नाही. हेनीशी कुजबुजतो, गाडीत बोलावं तसं. मी पाहिलं की थांबतात. लोर्नाबाईंनी पायाची चौकशी केली. फार दुखतो का गं? पळता येत नाही ना?

कोकवानांनी उरलेल्या मांसाची ताटली उचलली आणि लांब जाऊन बसले. का म्हणून विचारलं. म्हणाले, धूर डोळ्यात जातो.

चूल कालपासून पेटलेली नाही.

१८ जुलै

सगळ्यांनी अंथरुणं हलवली. माझं तिथेच —

आज पाळ्या नाहीत. सिंह, म्हशी, हत्ती, सगळे एकदम, खांद्याला खांदा लावून. पिल्लं पुढे.

हेनी डावीकडून येतोय. सावकाश. व्हिटफील्ड नदीच्या बाजूने, म्हणजे मला तिकडे — सिंहिणी असंच करतात. मीच सांगितलं होतं यांना.

लोर्नाबाई म्हणतात, घाबरू नकोस गं, नुसती बसून राहा, उठू नकोस —

कोकवाना, तुम्ही तरी इकडे बघा —

पाय टेकत नाही. पलीकडे सगळं चिडीचूप. पिल्लांना नीट दिसावं म्हणून सिंहीण जरा बाजूला सरक