करंगळीखालचं तिकीट

आई, काल माझ्या लेकीच्या हातावरच्या पट्ट्याचं टोक ओलं लागलं. झालंय एवढंच. तू तिला पाहिलं नाहीस, ती व्हायच्या आधीच गेलीस. आठ वर्षांची आहे. सहा महिन्यांपूर्वी मी गरम इस्त्री जमिनीवर ठेवून फोन घ्यायला उठले आणि तिने त्या इस्त्रीवर तळहात टेकवला. जखम भरली, पण कातडी आखडली आणि बोटं आत वळली. महिन्यापूर्वी ऑपरेशन करून हात मोकळा केला, मांडीची कातडी तळहाताला लावली. आता तो हात दिवसरात्र बोटं सरळ धरणाऱ्या स्प्लिंटमध्ये असतो, वरून पट्टा. आंघोळीपुरताच काढायचा, नाहीतर बोटं पुन्हा वळतात. हे तुला मी काय सांगावं! तूही तापलेला तवा फरशीवर ठेवून क्षणभरच पाठ फिरवली होतीस, आणि मी त्यावर हात टेकवला होता.

माझ्या ऑपरेशननंतर तू हडपसरच्या कारखान्यात पॅकिंगला परत जायला लागलीस. तुझी पाठ वळली की मी दातांनी पट्ट्याची गाठ सोडायचे. आतून इतकी खाज सुटायची की जीव नकोसा व्हायचा. तुझी बस यायच्या वेळेला पुन्हा दातांनीच गाठ मारून शहाण्यासारखी बसायचे. रविवारी सकाळी तू पट्टा सोडून माझा हात पोळपाटावर पालथा ठेवायला लावायचीस आणि पर्समधलं बसचं तिकीट माझ्या करंगळीखाली सरकवायचीस. बोट सपाट टेकलं असेल तर तिकीट अडणार, आखडलं असेल तर खालून निघून जाणार. डॉक्टरांनी असलं काही सांगितलं नव्हतं, ही युक्ती तुझीच. मी सगळा जोर करंगळीवर द्यायचे. तरी तिकीट जरासं आत शिरायचंच, आणि तू ते चटकन मागे घेऊन म्हणायचीस, "अडतंय गं, चांगलं आहे."

मग तो तपासणीचा दिवस. डॉक्टर माझी करंगळी धरून उभे आहेत. "पट्टा कोण सोडतं?" मी फरशीकडे बघते आहे. तू म्हणतेस, "मीच. रडते हो ती, बघवत नाही." मी तर एकदाही रडले नव्हते. डॉक्टर म्हणाले, "अहो बाई, माया करायला अख्खी मुलगी आहे की तुमच्याकडे. एक हात तेवढा आम्हाला सोडा." बाकावरच्या बाया हसल्या. तू पदर सारखा केलास आणि त्यांच्याबरोबर हसलीस. त्या दिवशी मला वाटलं, तू मला वाचवलंस. पण पुन्हा ऑपरेशन झालं, पुन्हा मांडीची कातडी काढली आणि त्यानंतरही दुपारी पट्टा सुटतच राहिला, कारण मला कुणी काही विचारलंच नव्हतं. आज भात कालवताना माझी चार बोटं ताटात असतात आणि करंगळी बाजूला वाकडी बसलेली असते.

काल लेकीला विचारलं, "पट्टा ओला कसा गं?" "पाणी सांडलं," माझ्याकडे न बघता म्हणाली. हे खोटं मी नाही ओळखणार तर कोण? आई, मला फार भीती वाटते आहे. उद्या तपासणी आहे. तिची बोटं पुन्हा वळतील याची भीती आहेच, पण डॉक्टरांनी विचारलं तर माझ्या तोंडून "मीच" निघेल, याची त्याहून जास्त आहे. कारण ती इस्त्री मी ठेवली होती, आणि ते ओझं कुठेतरी उतरवायला मी टपलेलीच आहे. तुझंही तसंच होतं का?

आज सकाळी तिला माझी करंगळी दाखवली आणि सगळं सांगितलं, दातांचं, गाठीचं, तुझ्या बसचं. तिने बोट दाबून पाहिलं.

"आजीला कळलं नव्हतं?"

"कळलं असणार."

"मग ती तुला ओरडली का नाही?"

ती पट्ट्याशी चाळा करत राहिली. मग म्हणाली, "खूप खाजतं गं मम्मी. उद्या मीच सांगते डॉक्टरांना. तू पण थांब तिथे." तुझ्या-माझ्यापेक्षा धीट आहे.

हा कागद तुझ्यापर्यंत पोचवायची काही सोय नाही, तेव्हा तिच्या हॉस्पिटलच्या फाइलमध्ये मागे खोचून ठेवते. एक मात्र तिलाही सांगितलेलं नाही. आज आंघोळीसाठी पट्टा काढला तेव्हा मी तिचा हात ओट्यावर पालथा ठेवायला लावला, पर्समधून बसचं तिकीट काढलं आणि करंगळीखाली सरकवलं. ते जरासं आत गेलं. आणखी किती जातं ते बघायला हवं होतं. मी ते मागे घेतलं आणि म्हटलं, "अडतंय गं, चांगलं आहे."