खुर्चीवरचा अ‍ॅम्प

मंगळवार, संध्याकाळ. गोरेगाव (जि. गोंदिया).

उजव्या हाताची बोटं सुजली आहेत, पेन धरवत नाही. आज मंडईत, दिवाळीनंतरच्या गावजत्रेत, भर दुपारी, अख्ख्या गावासमोर मी वसंताचा दात पाडला. आमच्या ऑर्केस्ट्राचा गायक. माझा चुलतभाऊ.

भांडण माझ्या बेस गिटारच्या अ‍ॅम्पवरून, आवाज मोठा करणाऱ्या खोक्यावरून. गोंदियाच्या दुकानात तो म्हणाला होता, "मोठा घे." मी लहान घेतला, मोटारसायकलवर बसतो म्हणून. दुकानात त्याचा आवाज छाती हादरवत होता. आज उघड्या मैदानात मलाच ऐकू येईना.

दुसऱ्याच गाण्यात वसंता माइकवर ओरडला, "अबे, अ‍ॅम्प आनला का जेवनाचा डबा? काहीच आयकू येऊन नाही राहिलं!" लोक हसले. आणि त्यानं अ‍ॅम्पला लाथ घातली. वाद्याला लाथ! बाबांनी शिकवलंय, वाद्य खाली ठेवायचं नाही, पाय लागतो. म्हणून तर मी तो हळदकुंकू लावून खुर्चीवर ठेवला होता. डोकंच फिरलं. मारला. वसंता पडला, तरी मारत राहिलो. त्याच्या शर्टावर रक्त, माझ्या गिटारच्या तारांवर रक्त.

लोकांनी मला मागे ओढलं तेव्हा कोपर गळ्यातल्या गिटारच्या तारेला लागलं. खुर्चीवरून पडलेला अ‍ॅम्प स्टेजच्या फळ्यांवर होता, चालूच. असा घुमला, असा घुमला की फळ्या थरथरल्या. पार मागून कोणीतरी शिट्टी मारली.

म्हणजे अ‍ॅम्प बरोबर होता. खुर्ची चुकली; फळ्यांना टेकल्यावरच आवाज पार मागेपर्यंत पोचला. ती मीच ठेवली होती.

उद्या आमगावला कार्यक्रम आहे. अ‍ॅम्प फळ्यांवर ठेवीन, शेवटच्या माणसापर्यंत ऐकू जाईल. पण गाणार कोण?