अडीच सुताचे तीन बोल्ट

१७ नोव्हेंबर, सोमवार

सांगलीहून इंजिन आलं एकदाचं. वाईपर्यंत एस.टी. पार्सल, पुढं घाट चढून शाळेच्या जीपमधून. गवत कापायच्या मशीनचं जुनं इंजिन दिवाळीच्या सुट्टीत जाम झालं ते झालंच. नव्याच्या बुडाला खडूनं लिहिलंय ‘तपासलं’. अक्षर म्हाताऱ्या माणसाचं दिसतंय.

परवा प्रिन्सिपल मॅडमकडं काँट्रॅक्टरचा माणूस आला होता. ग्राउंड मोजलं, स्टोअर मोजलं, आणि जाता जाता आमच्या क्वार्टरची भिंतपण मोजली. बायको सुमन कपडे वाळत घालत होती, तिलाच म्हणाला, मावशी, टेपचं टोक धरा जरा. तिनं धरलं बिचारीनं.

मॅडमचं म्हणणं सरळ आहे. सहा डिसेंबरला स्पोर्ट्स. तोवर ग्राउंड तयार असलं तर ठीक, नाहीतर जानेवारीपासून सगळं काँट्रॅक्टरकडं. सगळं म्हणजे माझं काम, तानाजी माळ्याचं काम आणि हे क्वार्टर.

मी म्हणालो, मॅडम, वीस वर्षं फौजेत गाड्या दुरुस्त केल्या. इंजिन मी बसवतो, बाहेरचा माणूस नको. तीन बोल्टांचं तर काम आहे.

१८ नोव्हें., मंगळ.

सातारा. जुने बोल्ट जुन्या इंजिनाबरोबर वाईच्या भंगारात गेले. पोत्यात मीच टाकले, म्हटलं बोल्टाचं काय एवढं. तेराचा पाना लागत होता त्यांना, तेवढं पक्कं लक्षात. दुकानात म्हणालो, तेराचे तीन द्या, चांगल्या पोलादाचे. त्यानं विचारलं, लांबी? मी बोट दाखवलं. तोही हसला, मीपण हसलो.

येताना वाईला सुमनसाठी पेढे घेतले. उगीच आपले.

१९ नोव्हें., बुध.

हे लिहू का नको असं झालंय. पण रोजचा रिपोर्ट लिहायची सवय फौजेतली, सुटत नाही.

पहिला बोल्ट हातानं तीन फेरे गेला आणि अडकला. वाटलं नवं इंजिन आहे, आट्यात रंग बसला असेल. तेल सोडलं. तरी घट्ट. तानाजी शेजारी उभा. म्हणाला, “हवालदार, जबरदस्ती नगं.” मी म्हणालो, तू गवत बघ. पान्याला पाइप लावला आणि रेटला. कुरकुरत गेला. मग एकाएकी हलका झाला आणि नुसता फिरायला लागला.

बाहेर काढला तर आट्यांना ॲल्युमिनियमच्या चकचकीत तारा गुंडाळलेल्या. इंजिनच्या भोकातले आटे होते ते. मीच खरवडून काढले.

“बसला का?” तानाजी विचारतोय.

बसला म्हणालो.

२० नोव्हें., गुरु.

वाईला भंगारवाल्याकडं. जुनं इंजिन अजून पडून होतं, नशीब. दोन बोल्ट कुठं गेले देव जाणे, तिसरा त्याच्याच भोकात गंजून बसलेला. रॉकेल टाकून काढला. नव्याला दात लावून उजेडात धरला. पहिले दोन-तीन दात बरोबर बसतात, पुढं सरकत जातात. जुना इंची आहे, अडीच सुताचा, म्हणजे पाव इंचाहून थोडा जाड. मी घेतला मिलिमीटरचा. डोकं दोघांचं सारखंच दिसतं, तेराचा पाना दोघांनाही बसतो. पान्यावर बोल्ट घेतला मी. गॅरेजमध्ये सगळे तसंच मागतात, दहाचा द्या, तेराचा द्या. पण मला शिकवलं होतं. ट्रेनिंगला उस्ताद कान धरून सांगायचा, डोकं बघू नको, दात बघ. तेव्हा एकोणीस वर्षांचा होतो, तरी कळलं होतं. आता अठ्ठावन्नाव्या वर्षी...

दोन भोकं शाबूत आहेत. एक गेलं.

२२ नोव्हें., शनि.

सातारा पालथा घातला. अडीच सुती कुणी ठेवत नाही आता. शेवटी एका जुन्या दुकानात म्हाताऱ्यानं स्टुलावर चढून वरचा खण काढला. चार निघाले.

दोन नीट बसले, हातानं शेवटपर्यंत गेले, बरं वाटलं. तिसऱ्या भोकात पाइपाची गळती बुजवायला लावतात तो मसाला भरला आणि बोल्ट उभा केला. हो, केलं मी हे. फौजेत माझ्या हाताखालच्या कुणी केलं असतं तर ग्राउंडला दहा फेऱ्या मारायला लावल्या असत्या.

तिन्ही बोल्टांच्या डोक्यावरून पत्र्यापर्यंत पिवळ्या रंगाची रेघ ओढली. बोल्ट फिरला की रेघ तुटते. स्वतःला फसवायचं तरी किती, म्हणून ओढली.

२३ नोव्हें., रवि.

चालू केलं. आवाज झकास. मॅडम गॅलरीतून हात करून गेल्या. तानाजीनं एक पट्टा कापला, दुसऱ्याला वळला. मला राहवेना. बंद करायला लावलं, मशीन आडवं केलं. दहा मिनिटंसुद्धा झाली नव्हती. तिसरी रेघ तुटलेली, बोल्ट बोटानं हलतोय, आणि त्याच्या ओढीनं बाकीचे दोन कुरकुरायला लागलेले.

इंजिनाखाली पातं फिरतं. पात्यामागं तानाजी चालतो, रबरी चपला घालून.

“का वं थांबवलं? झ्याक चाललं होतं की.”

इंजिन गरम होतंय म्हणालो.

२४ नोव्हें., सोम.

मॅडमनी बोलावलं. ग्राउंड का कापलं नाही? दोन आठवडे नाहीत हातात.

खरं सांगायचं म्हणूनच गेलो होतो. पण टेबलावर काँट्रॅक्टरची फाइल होती आणि वरच आमच्या क्वार्टरचा नकाशा. माझ्या तोंडून निघून गेलं, इंजिनच तसं आलंय, एका भोकाचे आटे आधीच गेलेले होते.

त्यांनी लगेच सांगलीला फोन लावला. दुकानाचे शेठ म्हणाले, घेऊन या, बघतो.

सुमनला विचारलं, गावी राहायला जमेल का तुला? औंधच्या पलीकडं, भावाकडं. ती म्हणाली, “तिथला धुरळा सोसंल तवर ऱ्हाईन.” म्हणजे महिना, दोन महिने. गावी असताना दम्यानं रात्र रात्र उठून बसायची. इथं आल्यापासून अकरा वर्षं तिचा पंप ट्रंकेत पडून आहे. ही हवा दुसरीकडं कुठून आणू मी?

२६ नोव्हें., बुध.

सांगली. इंजिन पोत्यात, पोतं दोन पायांत, कराडपर्यंत उभा.

तपासणारे अण्णा म्हणजे सत्तरीचा माणूस, जाड भिंगाचा चष्मा. खडूचं अक्षर त्यांचं. शेठनी माझ्यासमोर त्यांना धारेवर धरलं. “फौजी माणूस हाय, खोटं बोलंल का? तुमाला दिसत न्हाई आता, अण्णा. पैलंच सांगत हुतो.”

 अण्णांनी बॅटरी घेऊन भोकात बघितलं. आगकाडीनं मसाला उकरला, चुरा तळहातावर घेतला. मग मला विचारलं, “बोल्ट कुठला लावला हुता, हवालदार?”

अडीच सुती, मी म्हणालो. ते खरं होतं. दुसऱ्यांदा लावलेला अडीच सुतीच होता.

“बरं,” म्हणाले. “भोक मोठं करून बुश घालतो. शुक्रवारी या.”

बाहेर चहा त्यांनीच पाजला. कशाला पाजला काय माहीत. घरी कोण कोण, विचारलं. मी बडबडलो सगळं, क्वार्टर, सुमनचा दमा, टेप लावणारा माणूस. आटे सोडून सगळं.

२८ नोव्हें., शुक्र.

काम असं केलंय की हात लावावासा वाटावा. पोलादी बुश, म्हणजे छोटी नळीच, आतून आटे, वरून घासून एकसारखा. तीन बोल्ट दिले, तिन्ही एका लांबीचे, स्प्रिंग वॉशर घालून. स्वतः लेथवर उभं राहून केलं म्हणे.

शेठ गल्ल्यावरून म्हणाले, हवालदार, तुमच्यामुळं कळलं बघा. अण्णांना या महिन्यानंतर विश्रांती. माणूस चांगला, पण चुका व्हायला लागल्या.

अण्णा इंजिन पोत्यात घालायला मागं आले. सुतळी बांधता बांधता हळूच म्हणाले, “भोकात तोंडाला मिलिमीटरचे आटे पडले हुते. तीन.”

मी वळून गल्ल्याकडं बघितलं.

“शेठला बोललो न्हाई. माझं काय, ल्योक हाय, सून हाय, भाकरी मिळतीया. तुमी घर कुठं शोधत बसनार.”

मी हात जोडले. नुसते हात जोडले आणि पोतं उचलून स्टँडला आलो. अरे, तोंड होतं की मला. गल्ला दहा पावलांवर होता.

३० नोव्हें., रवि.

तिन्ही बोल्ट बसले. रेघ ओढली. दोन तास चालवलं, रेघ सरळ. तानाजी खूश. म्हणतो, “आता दोगंबी ऱ्हातोय बगा हितं.”

३ डिसें., बुध.

ग्राउंड कापून झालं. पट्टे आखले. मॅडम चालून बघून गेल्या. म्हणाल्या, काँट्रॅक्टरला नाही कळवलं. तुमच्यासारखा माणूस असताना कशाला बाहेरचं. वर, त्या दुकानाला चांगलं खडसावलंत, असंही म्हणाल्या.

दुपारचं जेवण गेलं नाही. सुमन म्हणाली, काम झालं तर मग तोंड का असं? सांगून टाकलं. बोल्टापासून अण्णांपर्यंत. ती भाकरी थापत होती, थांबली.

“माज्यासाटी क्येलं म्हना की.”

हो म्हणालो.

“मला इचारलं हुतं?”

नव्हतं विचारलं.

ती परत थापायला लागली. भाकऱ्या झाल्या, तवा उतरवला, हात धुतले. ट्रंक ओढली, खालून जुना पंप काढला. हलवून कानाशी धरला. मग डोळ्याजवळ नेऊन तारीख वाचत बसली. अकरा वर्षांपूर्वीचा तो. काय राहिलं असणार त्यात.

“सातारला ग्येला की नवा आना,” म्हणाली.

६ डिसें., शनि.

स्पोर्ट्स झाले. पोरं पळाली, कुणी घसरलं नाही. माइकवरून माझं नाव घेतलं, टाळ्या पडल्या. सुमन टाळ्या वाजवत नव्हती. पदर नाकाला लावून ग्राउंडकडं बघत होती.

दुकानात फोन केला. अण्णांना द्या म्हटलं. पोऱ्या म्हणाला, ते एक तारखेपासून येत नाहीत. घर? कुपवाडच्या बाजूला कुठंतरी, नक्की माहीत नाही. शेठ सोमवारी भेटतील.

८ डिसें., सोम. सातारा स्टँड, बाकावर

सकाळीच मॅडमकडं गेलो. उभ्या उभ्या सगळं सांगितलं. मिलिमीटरचा बोल्ट टेबलावर ठेवला, तारा तशाच आहेत त्याला. इंजिन चांगलं आलं होतं, आटे मी घालवले, खोटं मी बोललो, एका माणसाचं काम त्यात गेलं. आज सांगलीला जातो, शेठला हेच सांगतो, मग अण्णांचं घर शोधतो.

त्यांनी बोल्ट उचलून बघितला. बोल्टातलं त्यांना काय कळणार. मग म्हणाल्या, “मी तुमच्या शब्दावर त्या लोकांना फोन केला होता, हवालदार.”

हो मॅडम.

“परत आल्यावर बोलू. किल्ली ठेवून जा.”

जुडग्यात दोन किल्ल्या. एक स्टोअरची, एक क्वार्टरची. मी स्टोअरची सोडवून दिली. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला, त्या बोलायला लागल्या. पण हात तसाच पुढं होता. किल्ली घेतली तरी मागं घेतला नाही. अजून मागत होत्या की फोनच्या नादात राहिला, कळलं नाही. विचारायची हिंमत झाली नाही. मी निघून आलो.

इथं उतरल्यावर आधी औषधाच्या दुकानात गेलो, नवा पंप घेतला. पिशवीत आहे. क्वार्टरची किल्ली माझ्या खिशात, आणि सुमन घरातच आहे. मागं कुणी क्वार्टर खाली करायला आलं तर? दार आतून लावून घे, असं तिला सांगायला पाहिजे होतं.

सांगलीची गाडी लागली.