सहावी खोली, घरवापर

९ जून, सोमवार
पंचायतीचा शिपाई सकाळीच नोटीस देऊन गेला. जुलैपासून मुक्कामपट्टी. भाविकांना खोल्या भाड्यानं देणाऱ्या सगळ्यांना. पाच खोल्यांपर्यंत माफ, सहावी असली की सहाच्या सहांवर. आमच्या सहा.
ह्यांनी नोटीस पुन्हा पुन्हा वाचली. मग अंगणात जाऊन खोल्या मोजून आले, जणू रात्रीत एखादी कमी झाली असेल. "एका खोलीनं घात केला बघ," म्हणाले. सहावी बांधू नका असं मीच म्हणत होते तेव्हा. उठून चुलीपाशी गेले. चादरी उकळायला ठेवल्या होत्या. भाविक देवाला तेल वाहून येतात आणि तसल्याच हातांनी लवंडतात. सोडा टाकून उकळल्याशिवाय डाग जात नाहीत.

१२ जून, गुरुवार
गल्लीत दुसरा विषय नाही. पलीकडच्या सखाराम भावजींनी दोन खोल्यांमधली भिंत पाडायला घेतली, दोनाची एक करणार. धूळ सगळी माझ्या चादरींवर. कुणी म्हणतं एका खोलीत कांदे भरा.
ह्यांना आज जेवताना सुचलं. सहावी 'घरवापर' दाखवायची. पण पंचायत बघायला येणार, घरातलं माणूस खरंच राहतंय का.
"मग राहणार कोण?" मी.
"तू."
"मी?"
"नावाला गं. चार दिवस. ते बघून गेले की झालं."
लेक सोनाली लग्न करून चाकणला. घरात माणसं दोनच. ह्यांना बाहेर काउंटरपाशी झोपावं लागतं, कोण कधी येईल नेम नाही. राहिले मी.

१४ जून, शनिवार
लई गर्दी. सहावीसुद्धा दिली, शेवटची म्हणून. जळगावचं जोडपं होतं. बाई पडदा बाजूला करून चौकट चाचपायला लागल्या.
"कडी कुठाय?"
"कडी न्हाई."
"मग दार?"
"दारबी न्हाई."
शिंगणापूरला यायचं आणि दार विचारायचं! सांगितलं त्यांना, गावात घरांना दारं लावत नाहीत, देवाची राखण आहे, न विचारता कुणी पडद्याच्या आत येत नाही. पटलं नाही. पर्स पोटाशी धरून बसल्या, बिचाऱ्या. जाताना मात्र म्हणाल्या, झोप चांगली लागली.
मी नेहमीप्रमाणे स्वयंपाकघरात झोपले, परातींच्या शेजारी.

१९ जून, गुरुवार
सहावीत गेले. सामान काय, माहेरची ट्रंक, आरसा, आईचा फोटो. ट्रंक मिरजगावहून लग्नात आलेली. आजवर कधी जिन्याखाली, कधी गोठ्यात. पुसली तर निळा रंग निघाला खालून.
खिडकीतून शेवगा दिसतो. इतकी वर्षं ही खोली झाडतेय, शेवगा दिसतो हे आज कळलं.

२३ जून, सोमवार
ग्रामसेवक भाऊसाहेब तपासणीला आले. पडद्याबाहेर थांबले. "वहिनी, येऊ का आत?" मी या म्हटलं. ट्रंक बघितली, आरसा बघितला. दोरीवर परकर वाळत होता, तो काढायचाच राहिला. खाली बघत म्हणाले, "इथंच ऱ्हाता?"
मी तोंड उघडायच्या आत हेच म्हणाले, "व्हय व्हय. तिला पहिल्यापासून शांतता लागती."
घ्या! पहिल्यापासून. पदर तोंडाला लावला म्हणून बरं. भाऊसाहेबांनी लिहिलं, खोली सहा, घरवापर.
आता बाहेर यायचं ना, विचारलं. हे म्हणाले, "राहा अजून. परत अचानक येतील."

२ जुलै, बुधवार
एक गोष्ट लिहून ठेवते. कुणाला सांगितली तर हसतील.
सकाळी उठून अंथरूण गुंडाळलं नाही. तसंच राहू दिलं. ह्या घरात आले तेव्हापासून रोज गुंडाळतेय, कारण मी जिथं झोपते तिथं सकाळी कुणाला तरी चहाला बसायचं असतं. आमची अशी एक खोली होती सुरुवातीला, ती पण भाड्यात गेली. कधी गेली ते आठवत नाही.
दुपारी भांडी घासून आले तर अंथरूण होतं तिथंच. पडले. लई बरं वाटलं. थोडं रडू आलं, का ते ठाऊक नाही. मग झोप.

११ जुलै, शुक्रवार
शेजारच्या कमलाबाई शेवग्याच्या शेंगांचं निमित्त करून आल्या. "भांडान झालं का वं तुमचं?"
न्हाई म्हटलं.
"मग येगळी का झोपती?"
"पट्टीसाठी."
अशा बघत राहिल्या, जसं काही मी सगळं लपवतेय. संध्याकाळी सोनालीचा फोन. चाकणपर्यंत पोचलं म्हणजे. "आई, पप्पांवर रागावलीस का?" म्हटलं, नाही गं, पट्टी वाचवतेय. म्हणाली, "मग आवाज एवढा खुशीत कसा?"
कार्टी.

१९ जुलै, शनिवार
दुपारी जरा पडले होते. हे पडदा सारून सरळ आत, डोक्यावर गाद्या. "हितं टाकतो, जागा न्हाई कुठं." टाकल्या माझ्या पायांवरच. मग मोटर चालू होईना सांगायला आले. मग चार्जर शोधायला.
परक्या भाविकाच्या खोलीत जायचं तर हेच बाहेर उभे राहून खाकरतात, हाक मारतात, पाऊल मागं घेतात. सगळं गावच तसं वागतं. माझ्या पडद्याला ते लागू नाही.
गाद्या उचलून ओसरीवर नेऊन ठेवल्या. 

५ ऑगस्ट, मंगळवार
ग्रामसभेत सहा-सात खोल्यावाल्यांनी गलका केला म्हणे. पट्टी वर्षभर पुढं ढकलली. पुढचं पुढं बघू. हे पेढे घेऊन आले. सखाराम भावजी पाडलेल्या भिंतीकडं बघत बसलेत, त्यांना पेढा द्यायचं धाडस कुणाला होईना.
माझ्या हातावर पेढा ठेवून म्हणाले, "चला, सुटलो. आता सहावी मोकळी कर. शनी अमावस्या तोंडावर हाय."
पेढा खाल्ला.

८ ऑगस्ट, शुक्रवार
"कधी करतीस मोकळी?"
"न्हाई करायची."
हसले. थट्टा वाटली असेल. परत विचारलं, परत तेच सांगितलं. मग आवाज चढवला. "पंचायतीनं पट्टी मागं घेतली, आता तू लावती व्हय?"
"लावते."
तोंडातून गेलं आणि मलाच हसू आलं. ह्यांना नाही आलं.
त्यांचं म्हणणं खोटं नाही. अमावास्येच्या गर्दीवर आमचे पुढचे सुने दिवस निघतात. एक खोली कमी म्हणजे तेवढी ओढाताण. मला काय कळत नाही? चादरी मीच धुते, हिशेब मलाही येतो. पण परातींशेजारी परत जायचं नाही. नाही म्हणजे नाही.

१६ ऑगस्ट, शनिवार
अबोला. कामापुरतं बोलतात, तेही भिंतीशी. "चहा झाला असंल तर बरं हुईल." मीही भिंतीलाच सांगते, झालाय म्हणून. भिंत बिचारी.
भाड्यानं आलेली एक बाई म्हणाली, मालक फार शांत आहेत हो तुमचे.
आज मनात आलं, दार असतं तर आतून लावून घेतलं असतं. लगेच कान धरले, देवाकडं तोंड करून माफी मागितली. ह्या गावात असलं मनातसुद्धा आणू नये. आणि लावून तरी कुणाला अडवणार, घर त्यांचंच.
माझं पण आहे की.

२२ ऑगस्ट, शुक्रवार, पोळा
सकाळी पुरण. गोठा रिकामाच, मातीचे बैल पुजले. उद्या शनी अमावस्या, गाड्या पार शिवेपर्यंत लागल्यात. पाचही खोल्या भरल्या.
आत्ता दिवस मावळायच्या आत नाशिकची गाडी आली. एक म्हातारी, मुलगा, सून. ह्यांनी त्यांना फोनवर सहावी कबूल केली होती. मला न सांगता! म्हातारीचे पाय सुजलेत. ओसरीवर टेकून म्हणतेय, "कुठंतरी आडवं होऊ द्या हो." मी पाणी दिलं, पुरणपोळी दिली, आणि इकडं येऊन ट्रंकेवर बसले. अंथरूण पसरलेलं आहे. काय करावं सुचेना म्हणून डायरी घेतली.
पडद्याखाली ह्यांचे पाय आले. वाटलं, सरकवणार आता.
नाही सरकवला. खाकरले.
"अगं," म्हणाले. मग जरा थांबून, हळू, "येऊ का आत?"
लग्न झाल्यापासून हे ह्यांनी मला कधी विचारलेलं नाही.  मी या म्हटलं तर खोली जाईल बहुतेक. नको म्हटलं तर हे परत विचारतील का, कुणास ठाऊक. म्हातारीचा आवाज इथवर येतोय.
पाय अजून तिथंच आहेत.