जिन्याखालची मुलगी

कॉव्हेंट्री, ४ मार्च १९७२

ती. दादांस, उल्काचा सा. न.

गिरीशना हॉस्पिटलात सारख्या ड्यूट्या, म्हणून माझी सोबत नेक्स्ट डोअरच्या मिसेस प्रॉसर. इथल्या लायब्ररीत उन्हाळ्यात भारतीय कलांचं प्रदर्शन भरणार आहे. तुमच्या खरगपूरजवळ चित्रांचा लांब पट उलगडत त्यातल्या गोष्टीचं गाणं म्हणणारे पटुआ राहतात ना? त्यांच्याकडून इथलीच गोष्ट रंगवून घ्याल? १९४०च्या नोव्हेंबरात जर्मन विमानांनी एका रात्रीत हे शहर जाळलं, कॅथीड्रलसकट. मिसेस प्रॉसर शेल्टरमध्ये वाचल्या, घर गेलं. त्या एवढंच सांगतात. आळस केलात तर वहिनींना कळवीन.

लोभ आहेच, तो वाढवा.
तुमची उल्का

खरगपूर, २ मे १९७२

चि. सौ. उल्कास, अनेक आशीर्वाद.

आळशी म्हणालीस, म्हणून बसचे धक्के खात तीनदा गेलो. निबारण चित्रकार नावाच्या वृद्ध पटुआला तुझं पत्र बंगालीत वाचून दाखवलं. विमानांची त्याने गिधाडं केली, कॅथीड्रलचं देऊळ. पण शेवटच्या चौकटीत, जळत्या घराच्या जिन्याखाली, एका पायात बूट असलेली मुलगी काढली. पत्रात मुलगी नाही, म्हटलं. त्याने तिच्यावर दोनदा रंग फिरवला. वाळला की ती पुन्हा दिसते. तिचं नाव काय, हेच तो विचारत राहिला. नावाशिवाय गाणं पुरं होत नाही म्हणे. पट तसाच पाठवतो आहे. जिवाला जप.

तुझा पद्माकरदादा

कॉव्हेंट्री, ११ जून १९७२

ती. दादांस, उल्काचा सा. न.

पट मिसेस प्रॉसरना दाखवला आणि त्या जमिनीवरच बसल्या. ती मेव्हिस, त्यांच्या बहिणीची सहा वर्षांची मुलगी. सायरन झाला तेव्हा दुसरा बूट सापडेना, म्हणून ती जिन्याखाली शिरून रडत राहिली आणि या घाबरून एकट्याच पळाल्या. बहिणीला सांगितलं, गर्दीत हात सुटला. दादा, बत्तीस वर्षं हे कुणालाच ठाऊक नव्हतं! काल त्या बर्मिंगहॅमला जाऊन बहिणीला खरं सांगून आल्या. ती काय म्हणाली, विचारलं. तिने दार लावलं नाही, एवढंच म्हणाल्या. पट प्रदर्शनात द्यायला माझं मन होत नाही. निबारणबाबूंना नाव कळवा.

काळजीत असलेली,
उल्का

खरगपूर, ३० जून १९७२

चि. सौ. उल्कास, अनेक आशीर्वाद.

नाव सांगितलं. निबारणने ते जमेल तसं उच्चारलं, गाणं शेवटपर्यंत म्हटलं आणि ओसरीच्या कोपऱ्याकडे बघून हात जोडले. मी विचारलं, काय झालं? तो म्हणाला, तुम्ही ते पहिलं पत्र वाचलंत त्या दिवसापासून ती इथे बसून होती, आत्ता उठून गेली. मग तिलाच का नाव विचारलं नाहीस, म्हटलं. तो म्हणाला, रोज विचारत होतो, बाबू. तिला बंगाली कळत नव्हतं.

तुझा दादा