बोटावरचं चाटण

माय, भाऊ मी नाही खाल्ला. सगळ्या गावाला तू सांगत फिरली, पोरीनं तोंडावर दुपटं टाकलं म्हणून लेकरू गुदमरलं, आणि मरेपर्यंत तो शब्द मागे घेतला नाही. मुकुटबनच्या बाजारात अजूनही एखादी म्हातारी मला पाहून नातवाला पदराखाली घेते. माझी शाळा तू तेव्हाच सोडवली. भाऊबीजेला चुलतभावांना ओवाळायच्या ताटाला हात लावू दिला नाही. आता माझं ऐक.

माझा पोरगा ट्रक चालवतो. कमरेसाठी गोळ्या घेता घेता गोळ्यांचाच झाला. यवतमाळला भरती करून सोडवल्या. घरी आला, पोटभर जेवायला लागला, आणि एका दुपारी पहिल्यासारख्याच मूठभर खाल्ल्या. अंगणात खाटेवर पडलेला, ओठ जांभळे, घशात घरघर. जीपमध्ये घालून दवाखान्यात नेला. डॉक्टरीणबाईंनी त्याची पापणी उचलली अन् मी वाकून पाहिलं. बाहुली मोहरीच्या दाण्याएवढी. असा डोळा मी आधी पाहिला होता, बाभळीखालच्या झोळीत.

इंजेक्शन दिलं तसा तो उठला आणि मलाच शिव्या द्यायला लागला. मी घाबरले.

"देऊ द्या शिव्या, मावशी," बाई हसल्या. "शिव्या देऊन राह्यला म्हणजे श्वास चालू आहे. पण आज घरी नेऊ नका. इंजेक्शन लवकर उतरते, गोळ्या नाही उतरत."

मी म्हटलं, "आधी एवढ्याच खात होता, तेव्हा काहून नाही झालं?"

त्या माझ्याजवळ बाकावर बसल्या. म्हणाल्या, डोक्यात बारीक बारीक कुलपं असतात. दुखणं थांबवायला शरीर स्वतःच त्यांच्या चाव्या करतं. अफू, या गोळ्या, सगळ्या त्याच कुलपांत बसतात. पण श्वास चालवायच्या जागीही तीच कुलपं आहेत. तिथं चाव्या जास्त झाल्या की माणूस श्वास घ्यायचं विसरतो. इंजेक्शन त्या चाव्यांना ढकलून जागा धरून बसतं. रोज खाणाऱ्याची कुलपं बोथट होतात, म्हणून त्याला जास्त लागतं. खाडा पडला की ती पुन्हा हलकी होतात, आणि मग जुनीच मात्रा जीव घेते.

"अन् लहान लेकराले दिली तर?"

"कोणी दिली?" त्यांचा आवाज एकदम बदलला. तुझं नाव तेव्हाही माझ्या तोंडून निघालं नाही.

कापूस वेचाईला निघताना तू डबीतली मुगाएवढी अफू गुळाच्या पाण्यात उगाळून भावाला बोटावर चाटवत होती. सगळ्याच बाया चाटवत होत्या. लेकरू निजलं तर कापसानं ओटी भरते. तेवढ्यासाठी मी तुला धरत नाही. दिवाळीत काम बंद, चाटण बंद. त्याचं नाक वाहायचं, जांभयावर जांभया, रडून रडून पार निळा. तू मीठमिरच्या ओवाळून जाळल्या. नजर नव्हती ती, माय. ती कुलपं रिकामी पडून बोंबलत होती.

दिवाळी सरली, वेचाई सुरू झाली, आणि तू पुन्हा मुगाएवढीच उगाळली. मी झोळी हलवते आहे. तो घरघर करतो. मी तुला हाक मारते.

"घोरून राह्यला तो! झोपू दे त्याले, मले काम करू दे!"

मी पुन्हा हाक मारते. तू येते तेव्हा तो गार पडलेला आहे. मी त्याची पापणी उचलून पाहते आहे आणि तू माझा हात झटकते. पदराच्या टोकाला थुंकी लावून आधी त्याचे ओठ पुसते, मग तुझं बोट पुसते, आणि मगच हंबरडा फोडते. बाया धावत येतात तोवर दुपटं माझ्या हातात आहे. ते तूच दिलं.

मला एवढंच विचारायचं आहे. चाटणानं गेला हे माहीत नव्हतं, तर ओठ कायले पुसले? अन् माहीत होतं, तर ते दुपटं मला कायले दिलं?

हे पत्र टाकायला कुठली पेटी नाही, घरात वाचून दाखवायची माझी छाती नाही. तुला पोरगा उरला नाही म्हणून दर अखजीला पितरांना पाणी देताना तुझ्या नावाची घागर मीच भरते. यंदा भावाच्या नावाची भरणार, पहिल्यांदा. तुझ्यासाठीही नवी आणून ठेवली आहे, खोटं कशाला बोलू. ती भरायची की पालथी घालायची, ते तुझ्या उत्तरावर आहे. स्वप्नात ये, नाही तर कावळा होऊन ये, पण अखजीच्या आत सांग.